प्रतिसाद: समुपदेशक वेगळा, वर्तन विश्लेषक वेगळा

‘वर्तन विश्लेषक म्हणजे समुपदेशकच, नाव तेवढं नवं’ असं वर एका ताईंनी लिहिलंय. तसं नाही हो. समुपदेशक लेकराशी बोलतो. वर्तन विश्लेषक आधी वर्गात मागं बसतो आणि वहीत तीन रकाने आखतो: आधी काय घडलं, लेकरानं काय केलं, लगेच पुढं काय झालं.

आमच्या बीड जिल्ह्यातला अनुभव सांगतो. चौथीतलं एक पोरगं गणिताच्या तासाला दप्तर भिरकावायचं. आम्ही त्याला व्हरांड्यात काढायचो. आठ दिवस नोंदी ठेवल्या तर कळलं, हा दंगा फक्त भागाकार आला की. म्हणजे व्हरांडा ही शिक्षा नव्हतीच, सुटका होती, अन् ती आम्हीच देत होतो! आईबाप ऊसतोडीला गेले की हेही सोबत जायचं. भागाकार येणार कुठून? मग ‘सर, जमंना’ असं म्हणायला शिकवलं. म्हटलं की लगेच मदत, अन् एका वेळी दोनच गणितं. दप्तर जागेवर राहायला महिना लागला. मधे एकदा माझाही तोल गेला, ते असो.

अमेरिकेत अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यात वागण्यामागचं कारण शोधायची अशी तपासणी १९९७ पासून आहे. आपल्याकडं २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं मारायला अन् मानसिक छळाला बंदी केली, पण छडीच्या जागी काय करायचं हे वर्गात येऊन कोण दाखवणार? तालुक्याच्या गटसाधन केंद्रातले (शाळांना मदत करणारं शिक्षण खात्याचं केंद्र) विशेष शिक्षक येतात, पण त्यांच्या वाट्याला शाळा किती!