बोटीवर चढल्या दिवशी विम्याचा कागद वाचा
'एजंटला दोन-तीन लाख दिल्याशिवाय पोरगं बोटीवर चढत नाही' असं लोक म्हणतात, ते आमच्या गुहागरकडे आजही तसंच आहे. पण भरतीसाठी खलाशाकडून पैसे घ्यायला मेरीटाइम लेबर कन्व्हेन्शन या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात मनाई आहे, आणि भारताने ते २०१५ मध्ये स्वीकारलंय.

माझा आतेभाऊ असाच पैसे भरून गेला. मालकाने बोट शारजाबाहेर नांगरावर सोडून दिली. पाच महिने पगार नाही. एसीचं ठिबकणारं पाणी बादलीत धरून कपडे धुवायचे. इकडे आत्याच्या बांगड्या गहाण. २०१७ पासून या करारातल्या बोटींना विमा किंवा तशी हमी लागते: वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांना चार महिन्यांपर्यंतचा थकीत पगार आणि घरी परतायचा खर्च. त्याचं सर्टिफिकेट बोटीवर ठळक जागी लावावं लागतं. पोरांनो, पहिल्याच दिवशी त्याचा फोटो घरी पाठवा, मुदत बघा. भावाच्या बोटीवरच्या कागदाची मुदत केव्हाच संपली होती.