पाय काढलेल्या कुत्र्याला दुसऱ्याच दिवशी घरी आणावं का? माझं उत्तर: हो

बंड्याची आई

लक्ष्मीपूजनाच्या रात्री आमच्या सोसायटीच्या फाटकाशी मोठी माळ लागली आणि बंड्या पट्ट्यातून मान सोडवून पळाला. सापडला तो रस्त्याच्या कडेला, टेम्पोची धडक बसलेला. मागच्या डाव्या पायाचा पार चुरा झाला होता. बोटांना जोरात चिमटा काढला तरी त्याला काही कळत नव्हतं. तीन दिवसांनी डॉक्टरांनी पाय मांडीतून वर काढला. अर्धवट पाय ठेवला तर कुत्रा तो टेकवायला जातो आणि टोकाला जखमा होत राहतात, असं त्यांनी समजावलं. बंड्या गावठी आहे, सहा वर्षांचा, वजन १९ किलो.

मग दवाखान्यात विचारलं, टाके निघेपर्यंत इथे ठेवताय की उद्या नेताय? घरात यावरून वाद झाला. सासूबाईंचं म्हणणं, दहा दिवस तिथेच राहू दे, आपल्याच्याने ते बघवणार नाही. मी दुसऱ्या संध्याकाळी त्याला घरी आणलं. आज नववा दिवस. ज्यांच्या घरी कुणी ना कुणी असतं त्यांनी कुत्र्याला लगेच घरी आणावं, असं माझं मत आहे.

दवाखान्यात तो खात नव्हता. पिंजऱ्यात वळायला जेमतेम जागा, शेजारी अखंड भुंकणं. घरी आल्यावर पाण्याचं भांडं रिकामं केलं आणि माझ्या हातून चिकन-भात खाल्ला. पहिली रात्र कठीण गेली, हे लपवत नाही. तो रात्रभर कण्हत होता. डॉक्टरांना फोन केला तेव्हा कळलं की भूल आणि कडक वेदनाशामकाचा अंमल उतरताना कुत्री अशी भांबावतात. तिसऱ्या दिवशी पोटाखाली जांभळं-निळं दिसायला लागलं. माझ्या पायांतलं बळ गेलं. तेही साचलेलं रक्त खाली उतरल्यामुळे होतं, आठवड्याभरात ओसरलं.

त्रास झाला तो घरातल्या गुळगुळीत टाइल्सचा. तीन पायांवर तो फतकल मारूनच पडायचा. हॉलपासून बाल्कनीपर्यंत मागे रबर असलेली पायपुसणी एकाला एक लावून टाकली, आता तो त्या पट्ट्यावरूनच चालतो. आम्ही दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जुनी सुती साडी चौपदरी करून पोटाखालून घालायची आणि मागचा भार आपण उचलायचा, असं दिवसातून चार वेळा. लघवीला सवयीने पाय वर करायचा, आणि उरलेला मागचा पाय एकच! दोनदा जखमेच्या बाजूवर पडला. चौथ्या दिवशी त्याचं त्यानेच ओळखलं आणि जरासं बसून करायला लागला. हे शिकणं पिंजऱ्यात कसं झालं असतं?

अजून एक. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच 'अरेरे, बिचारा' म्हणून डोळ्यांना पदर लावतो, आणि बंड्या लगेच कान पाडून कोपऱ्यात जातो. आता मी आधीच सांगते, आत येऊन नेहमीसारखी हाक मारा.

गोदाकाठ

ताई, बंड्याला बरं वाटतंय हे वाचून आनंद झाला. पण तुमचं मत सरसकट घेऊ नये म्हणून लिहितो. आमचा लॅब्रेडॉर नऊ वर्षांचा होता, ३८ किलो. पुढच्या पायाला हाडाचा कॅन्सर. पाय काढला, दुसऱ्या दिवशी घरी आणला. कुत्र्याच्या अंगाचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. तुमच्या १९ किलोच्या बंड्याचा मागचा पाय आणि आमचा पुढचा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. उठताना तो तोंडावर पडायचा. हनुवटी सोलून निघाली होती. बायकोला आणि मला मिळून तो उचलत नव्हता, माझी पाठ धरली ती महिनाभर.

चार महिन्यांनी छातीत पसरलं आणि तो गेला. त्या चार महिन्यांतला पहिला महिना आम्ही त्याला नुसतं सावरत होतो. आज परत वेळ आली तर पाय काढणार नाही. वेदना औषधांनी आटोक्यात आहेत तोवर सांभाळेन आणि मग शांतपणे कायमचं झोपवेन. हे लिहिताना हात जड होतोय, पण कुत्र्यासाठी करतो म्हणत आपण कधी कधी स्वतःला निरोप देता येत नाही म्हणून करतो.

ठाणेकर

मी एकटी राहते, सकाळी साडेसातची लोकल पकडते. माझ्या कुत्रीचा पाय काढला तेव्हा मी तिला अकरा दिवस दवाखान्यात ठेवलं. रोज रात्री जाऊन तासभर शेजारी बसायचे. 'घरी कुणी ना कुणी असतं' हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. सगळा प्रश्न त्या वाक्यातच आहे. गळ्यातला कोन काढून तिने टाके चाटले असते तर मला संध्याकाळी सात वाजता कळलं असतं. तिला तिथे ठेवलं म्हणजे माझी माया कमी, असं कुणी म्हणू नये. खूप जणांनी मला ते तोंडावर म्हटलंय.

पशुवैद्य, कराड

मूळ मताशी मी बराचसा सहमत आहे, पण कारण वेगळं. आपल्याकडच्या बहुतेक लहान दवाखान्यांत रात्री डॉक्टर नसतो. म्हणजे 'दवाखान्यात सुरक्षित' हे बऱ्याचदा फक्त दिवसापुरतं खरं असतं. ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारा: रात्री दोन वाजता त्याच्याजवळ कोण असतं?

घरी नेणाऱ्यांनी दुखण्याच्या खुणा ओळखायला शिकावं. कुत्रा रडेलच असं नाही. झोप न लागता धापा टाकणं, आडवं व्हायला नकार, अन्नाला तोंड न लावणं, एका जागी टक लावून बसणं, हे सगळं दुखणंच. जखमेला वास, पू किंवा थेंब थेंब रक्त दिसलं तर थांबू नका. आणि कृपा करून घरातली गोळी देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं जातात. असे रुग्ण मी दरवर्षी पाहतो. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर उड्या आणि जिना कमीत कमी.

गोदाकाठ, तुमच्या लॅबबद्दल वाईट वाटलं. हाडाच्या त्या कॅन्सरमध्ये नुसता पाय काढला तर बहुतेकांना चार-पाच महिनेच मिळतात, सोबत केमो दिली तर वर्षाच्या आसपास. पण पायाची ती वेदना भयंकर असते, आणि शेवटी शेवटी औषधांना दाद देत नाही. तुम्ही तिच्यातून त्याची सुटका केलीत. निर्णय चुकला असं मला वाटत नाही. मात्र वजनदार कुत्रा, पुढचा पाय आणि दुसऱ्या पायाच्या सांध्यात आधीच संधिवात, हे तिन्ही एकत्र असेल तर मीही घरच्यांना थांबा म्हणतो.

माणदेशी

आमच्या मेंढरांमागच्या कुत्र्याचा पुढचा पाय लहानपणीच तारेच्या फासात गेला. त्याला ना गादी होती ना पायपुसणी. सात वर्षं कळपामागं पळाला. तुमच्यापेक्षा त्याला मोकळं रान होतं आणि पायाखाली माती होती, एवढाच फरक.

बंड्याची आई

ठाणेकर, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. माझ्या घरी सासूबाई आहेत, म्हणून मी ऑफिसला जाऊ शकले. 'बघवणार नाही' म्हणणाऱ्या त्याच सासूबाई दुपारी त्याच्याजवळ चटई टाकून पडतात आणि लाल भोपळा उकडून भरवतात, कारण औषधांनी त्याला खडा धरला होता. त्यांच्याशिवाय माझं मत काही कामाचं नव्हतं, हे मी आधीच लिहायला हवं होतं. तुम्ही रोज रात्री जाऊन बसत होता, यापुढे कुणाला काय बोलायचं आहे?

गोदाकाठ, तुमच्याशी मात्र पूर्ण सहमत नाही. तुम्ही झोपवण्याबद्दल लिहिलंत आणि कॅन्सरपुरतं मी ते मानते. पण आमच्या बंड्यालाही झोपवा म्हणणारे दोघे भेटले. सहा वर्षांचा, बाकी अंगाने धडधाकट कुत्रा, फक्त पाहणाऱ्याला सहन होत नाही म्हणून? आज सकाळी बाल्कनीत कावळा बसला तर तीन पायांवर धावत गेला. मला त्याला ओरडावं लागलं, टाके अजून आहेत.

गोदाकाठ

बंड्याला झोपवा असं मी कधीच म्हणणार नाही. माझं म्हणणं मोठ्या, म्हाताऱ्या कुत्र्यांपुरतं आहे आणि त्यावर मी ठाम आहे. डॉक्टर, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

ताई, एक आठवलं म्हणून सांगतो. त्याचं वजन आता वाढू देऊ नका. खाणं आताच थोडं कमी करा आणि तळव्यांमधले केस कापत राहा, तिथूनच घसरायला होतं. आमच्याकडे त्याचा पोटाखालून घालायचा पट्टा आहे, दोन मुठींचा, नीट धुऊन ठेवलेला. साडीपेक्षा हाताला सोपा जातो. बंड्याला मोठा होईल, पण शिंप्याकडून आत घेता येईल. हवा असेल तर पत्ता कळवा.

बंड्याची आई

हवा आहे. टाके परवा काढायचेत, त्यानंतर पाठवलात तरी चालेल.