प्राण्यांच्या फार्मवर मुलांना नेतोय, आधी प्राणी की आधी आर्ट?

दोन_पिल्लांची_आई:
मंडळी, जरा सल्ला हवाय. येत्या सुट्टीत आम्ही सगळे मिळून एका फार्मवर जायचं ठरवतोय, म्हणजे आम्ही दोघं, मुलं, सासूबाई आणि दीर-जाऊ. तिथे शेळ्या, मेंढ्या, ससे, बदकं, एक गाढव असा सगळा गोतावळा आहे आणि शिवाय मुलांसाठी मातीकाम, लोकरीचं काहीतरी आणि पानांचे ठसे अशा अ‍ॅक्टिव्हिटी पण आहेत. धाकटी साडेतीन वर्षांची, प्राणी दिसला की तिला थेट मिठीच मारायची असते. थोरला नऊचा, त्याला शेणाचा वास आला की गाडीत जाऊन बसतो म्हणणार, पण चित्रं काढायला दिली की तास न् तास हलत नाही, म्हणून तर ही जागा शोधली. तर आधी प्राणी उरकावेत की आधी आर्ट? दोन्ही एका दिवसात झेपतं का मुलांना की शेवटी रडारड होते? आणि फार्मवाल्यांना फोनवर काय काय विचारून ठेवू?

रानवाटा:
आधी प्राणी, डोळे झाकून. सकाळी ते भुकेले असतात, कुंपणाशी येऊन उभे राहतात. दुपारपर्यंत आलेल्या प्रत्येक पोराने मूठ मूठ चारा घातलेला असतो, मग शेळ्या-मेंढ्या सावली धरून निवांत रवंथ करत बसतात आणि आपलं पोरगं हातात पाला धरून ‘ये ना, ये ना’ करत उभं. तुम्हाला रडारड नको ना, मग हे टाळा.

घरून पोळी-ब्रेड-बिस्किटं घेऊन जाऊन खाऊ घालू नका प्लीज. शेळी-मेंढीच्या पोटात चारा आंबवणारे सूक्ष्मजीव असतात, त्यांना सवय गवता-पाल्याची, एकदम पिठाचं किंवा धान्याचं जास्त गेलं की पोटात आम्ल वाढतं, जनावर फुगतं आणि कधी कधी जिवावरही बेततं. फार्मवाले देतील तेच आणि देतील तेवढंच.

धाकटीला एवढंच शिकवून ठेवा की तळहात सपाट, बोटं जुळलेली, त्यावर चारा. शेळीला पुढचे वरचे दात नसतातच, तिथे नुसती कडक हिरडी असते, त्यामुळे ती ओठांनीच ओढून घेते, मुलांना गुदगुल्या होतात आणि जाम आवडतं. गाढवाला मात्र वर-खाली दोन्हीकडे दात असतात, तिथे बोट सरळ पुढे केलं तर गाजर समजून चावेल. आणि गाढवाच्या मागून जायचं नाही, त्याला पाठीमागचं दिसत नाही, दचकलं की लाथ.

मिठीचं म्हणाल तर सशाला अजिबात नाही. ससा उचलला की घाबरून मागचे पाय जोरात झाडतो आणि त्या हिसक्याने त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. मुलीला जमिनीवर मांडी घालून बसवा, ससा आला तर आला. नाही आला तर तो त्याचा प्रश्न. ज्या फार्मवर सशांना लपायला खोकं नाही, बिळ नाही, दिवसभर या हातातून त्या हातात, तिथे मी तरी पैसे देणार नाही.

मातीतले_हात:
रानवाटांना अनुमोदन. मी मातीकाम शिकवते त्यामुळे त्या बाजूने लिहिते. फोनवर पहिला प्रश्न हा विचारा की वस्तू भाजून देणार का आणि कधी. मुलं वाटी-हत्ती-कासव काय काय करतात आणि मग त्याच दिवशी घरी न्यायचं म्हणून हट्ट धरतात. ओली वस्तू भट्टीत घातली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि ती फुटते, शेजारच्यांच्या पण घेऊन जाते. आधी नीट सुकावी लागते, जाड असेल तर आणखी वेळ, मग साधारण ९०० ते १००० अंश सेल्सिअसला भाजायची. म्हणजे एकतर नंतर न्यायला यायचं किंवा तशीच कच्ची सुकवून ठेवायची, पण मग पाणी लागलं की विरघळणार. हे गाडीतच सांगून ठेवा मुलांना.

साडेतीन वर्षांच्या मुलीसाठी मला विचाराल तर लोकरीचं काम बेस्ट. मेंढीच्या केसावर बारीक खवले असतात, कोमट पाणी आणि साबण लावून चोळत राहिलं की ते एकमेकांत अडकतात आणि लोकर घट्ट बसते, त्याचा चेंडू होतो. लहान मुलांना साबणाच्या फेसात खेळायला मिळतं, बिघडण्यासारखं काही नाही आणि हात आपोआप धुतले जातात :-) फक्त लोकर खरी आहे ना बघा, अ‍ॅक्रिलिक असेल तर जन्मभर चोळलंत तरी काही होणार नाही.

पानांचे ठसे म्हणजे बहुतेक कापडावर पान ठेवून हातोडीने ठोकायचं असेल. मजा येते, पण तो हिरवा रंग टिकत नाही, पिवळट-तपकिरी होतो. कापड आधी तुरटीच्या पाण्यात बुडवलेलं असेल तर जरा जास्त तग धरतो.

खवचट_बोका:
आर्ट अ‍ॅक्टिव्हिटी म्हणे! बऱ्याच ठिकाणी छापील गाईचं चित्र आणि तीन मोडके खडू देतात, झाली आर्ट. त्यासाठी एवढ्या लांब जायचं?

तुमच्या थोरल्याला साधी वही आणि पेन्सिल द्या आणि शेळीसमोर बसवा, कुंपणाच्या बाहेर, वाऱ्याची दिशा बघून म्हणजे वास येणार नाही. शेळीचा डोळा काढ म्हणावं. बुबुळातली बाहुली आडवी, चौकोनी फटीसारखी असते. ती चरायला मान खाली घालते तेव्हाही ती फट जमिनीला समांतरच राहते कारण डोळा खोबणीत फिरतो, त्यामुळे चरताना आजूबाजूचं सगळं दिसत राहतं. नऊ वर्षांचं पोरगं हे एकदा बघायला लागलं की वास-बिस विसरतं. बदक पाण्यात आणि बदक जमिनीवर, दोन्ही काढायला लावा, पाय किती मागे असतात ते तेव्हा कळतं.

आणि एक, काही ठिकाणी घोड्या-गाढवाच्या अंगावर रंगाने चित्रं काढायला देतात. रंग बिनविषारी आहे म्हणतात, असेलही. पण ते जनावर आहे, भिंत नाही. विचारून घ्या आणि असेल तर दुसरी जागा बघा.

दोन_पिल्लांची_आई:
किती छान माहिती दिलीत सगळ्यांनी, वही-पेन्सिलची आयडिया तर फारच आवडली बोकोबा! सासूबाई म्हणाल्या मी पण काढेन शेळी. हात धुण्याबद्दल कोणी नीट सांगाल का, सॅनिटायझर चालेल ना? आणि एक राहिलंच, जाऊबाईंना पाचवा महिना चालू आहे, त्यांनी आलं तर चालेल का? फार्मवर सध्या मेंढ्या विताहेत असं त्यांच्या पेजवर दिसलं, कोकरांना बाटलीने दूध पाजायला मिळेल असंही लिहिलंय.

गोठ्यातली_डॉक्टर:
ताई, मी जनावरांची डॉक्टर आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

सॅनिटायझरवर विसंबू नका. जनावर अगदी धडधाकट दिसत असलं तरी त्याच्या शेणात ई. कोलाय या जंतूंचे त्रासदायक प्रकार किंवा क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब लावणारा एक सूक्ष्म परजीवी) असू शकतं आणि या क्रिप्टोवर सॅनिटायझरमधल्या अल्कोहोलचा काही परिणाम होत नाही. साबण आणि वाहतं पाणीच पाहिजे, नखांच्या आतपर्यंत, आणि मोठ्यांनी समोर उभं राहून धुवून घ्यायचे. पाच वर्षांखालच्या मुलांना हे आजार जास्त जड जातात, तुमची धाकटी त्यातच येते. प्राण्यांच्या जागेत खाणं-पिणं नाही, अंगठा चोखणं नाही, पाण्याची बाटली आणि खेळणी बाहेरच. तिथून बाहेर पडल्यावर आधी हात, मग डबा. बूट गाडीत घालण्याआधी पुसून पिशवीत. म्हणून फोनवर पहिला प्रश्न माझ्या मते भट्टीचा नाही, नळ कुठे आहे हा. प्राणी आणि मातीकाम यांच्या मध्ये साबण ठेवलेला नळ असेल तर फार्मवाले शहाणे आहेत असं समजा.

जाऊबाईंनी विणाऱ्या मेंढ्या-शेळ्यांच्या आसपास जाऊ नये, हे मात्र ठाम. वितानाच्या पाण्यातून, वारेतून आणि नुकत्या जन्मलेल्या कोकरांकडून असे काही संसर्ग होतात की ज्याने गर्भपात होऊ शकतो. कोकराला बाटली त्यांनी धरायची नाही आणि गोठ्यात जाऊन आलेल्यांचे कपडे-बूटही त्यांनी हाताळायचे नाहीत. मेंढ्यांचा सीझन चालू असेल तर मी म्हणेन त्यांनी या खेपेला येऊच नये किंवा तुम्हीच तारीख पुढे ढकला. तरी यायचंच असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधी विचारा आणि फक्त आर्टच्या शेडपुरतं या, तेही शेड गोठ्याला लागून नसेल तर.

मातीतले_हात:
डॉक्टर, बरोबर आहे, नळ आधी. माझ्याकडच्या मुलांना पण मी माती मळण्याआधी हात धुवायला लावते, नाहीतर लेंड्यांसकट कासव तयार होतं.

दोन_पिल्लांची_आई:
बापरे, हे विण्याचं खरंच माहीत नव्हतं. आत्ताच फोन केला, ते म्हणाले कोकरं अजून महिनाभर तरी येत राहतील आणि मातीकामाची शेड गोठ्याच्या भिंतीलाच लागून आहे. जाऊबाईच म्हणाल्या तुम्ही जाऊन या. नळ दोन आहेत, साबण असतो म्हणाले, मी आपला एक घरून टाकतेच पिशवीत. वस्तू भाजून कुरियरने पाठवतात पण त्याचे पैसे वेगळे. गाढव रंगवायला देतात का विचारलं तर पलीकडचे काका हसायलाच लागले, म्हणाले आमचं गाढव रंगवू देईल असं वाटतं का तुम्हाला!