मदत हवी आहे: जुन्या बाजारातली लाकडी पेटी, सुटणारा रंग आणि झाकणाच्या आतल्या पेन्सिलीच्या रेघा

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात जुन्या बाजारातून एक लाकडी पेटी आणली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, उंची साधारण गुडघ्याएवढी. झाकणाला दोन लोखंडी बिजागऱ्या, पुढे कडी-कोयंडा, दोन्ही बाजूंना उचलायला जाड कड्या. बाहेरून हिरवा रंग आहे. जिथे टवके उडालेत तिथे खालचा निळा दिसतो आणि त्याच्याही खाली मळकट पांढरा. आतून मात्र लाकूड उघडंच आहे, कधी रंग दिलेला नाही. पेटी पलंगाच्या पायथ्याशी ठेवायची, आत पांघरुणं भरायची आणि वर गादी टाकून बसायची सोय करायची, असं मनात आहे.

मी ती घेतली ती झाकणाच्या आतल्या बाजूमुळे. तिथे शिसपेन्सिलीने रेघा मारल्यात. चार उभ्या आणि त्यांना छेदणारी पाचवी आडवी. असे ३७ गट मी मोजले. शेवटचा गट तीन रेघांवरच थांबलाय. सुरुवातीच्या रेघा जोर देऊन मारलेल्या आहेत, लाकडात थोड्या रुतल्यात. अकराव्या-बाराव्या गटानंतर हात बदलल्यासारखा वाटतो, रेघा बारीक होतात आणि एका बाजूला कलतात. कुणी काय मोजत होतं ते विकणाऱ्या काकांनाही सांगता आलं नाही. तिथे उकिडवं बसून मी बराच वेळ त्या रेघा बघत राहिले आणि मग पेटी घेतलीच.

आता अडचणी सांगते.

घरात दीड वर्षाची लेक आहे. जे हाताला लागेल ते तोंडात जातं, आणि झाकणाची पुढची कड बरोबर तिच्या तोंडाच्या उंचीवर येते. जुन्या रंगात शिसं असतं असं ऐकलंय. हा रंग काढू, की वरून नवा रंग मारला तर चालेल?

दुसरं, पेटी टेम्पोतून उतरवली तेव्हा खाली पिठासारखा भुगा सांडला. मागच्या फळीला टाचणीच्या डोक्याएवढी दहा-बारा भोकं आहेत. भुंगा अजून आत जिवंत आहे का, हे कसं ओळखायचं? माझ्याकडे शिवणयंत्राच्या बिडाच्या पायांवर फळी टाकून केलेलं टेबल आहे, रोजच्या वापरातलं. ते पेटीच्या शेजारीच असतं, म्हणून जास्त धास्ती वाटते.

तिसरं म्हणजे वास. डांबरगोळ्या आणि ओल यांचा मिळून एक वास येतो. पांघरुणांना तो लागला तर पेटीचा उपयोगच राहणार नाही.

आणि हे सगळं करताना त्या रेघांना धक्का लागता कामा नये. हे इतकं आवर्जून सांगण्याचं कारण आहे. दोन वर्षांपूर्वी मी असाच एक पितळी डबा आणला होता. झाकणावर बारीक ठोक्यांनी कोरलेली अक्षरं होती. नाव असावं, दोनच अक्षरं नीट लागत होती. मी डबा एका दुकानात मशीनवर पॉलिश करायला दिला. परत आला तेव्हा आरशासारखा चकाकत होता आणि अक्षरं पुसट, गुळगुळीत झाली होती. आता बोट फिरवलं तरी लागत नाहीत. ‘अक्षरं सांभाळा’ असं मी सांगायला हवं होतं, ते राहून गेलं. त्या डब्याची हळहळ अजून वाटते. म्हणून पेटीला हात लावायच्या आधी इथे विचारते आहे.

– ओसरी

---

रंधा:

ओसरीताई, मी हौशी सुतार आहे, जुन्या पेट्या-कपाटं बरीच दुरुस्त केली आहेत. रंगाचं इथले जाणकार सांगतील, मी भुंग्याबद्दल सांगतो.

टेम्पोतून उतरवताना भुगा पडला म्हणजे भुंगा जिवंत आहेच असं नाही. जुन्या भोकांत वर्षानुवर्षं साठलेला भुगाही हादऱ्याने बाहेर येतो. भोकांकडे बॅटरी धरून बघा. कडा धारदार आणि आतलं लाकूड ताज्या कापासारखं फिकट दिसलं तर भोक नवं. कडा मळून काळवंडल्या असतील तर जुनं. तरी एवढ्यावर निर्णय घेऊ नका. आधी सगळी भोकं व्हॅक्यूमने स्वच्छ करा, पेटी हलक्या हाताने ठोकून उरलासुरला भुगा काढा. मग मागच्या फळीवर पातळ टिश्यू कागद खळीने चिकटवा आणि खाली काळा कागद अंथरा. भुंगा आत असेल तर बाहेर पडताना तो कागद कुरतडून येतो, त्यामुळे भोक लगेच दिसतं. मात्र अळी लाकडात काही वर्षंसुद्धा राहू शकते. पंधरा दिवस काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, एक अख्खा उन्हाळा जाऊ द्या. तोवर पेटी टेबलापासून लांब, वेगळ्या खोलीत ठेवा.

उपाय म्हणाल तर बोरेटचं, म्हणजे टाकणखाराच्या जातीच्या क्षाराचं पाणी. पण ते फक्त उघड्या लाकडात मुरतं, रंगावरून नुसतं ओघळून जातं. तुमची पेटी आतून उघडी आहे हे बरं झालं. मागची फळी, तळ आणि सांधे आतून दोनदा भिजवा, पूर्ण वाळू द्या. पांघरुणं थेट त्या लाकडावर ठेवायची नाहीत. झाकणाला हे पाणी लावू नका. तिथे भोकं नाहीत ना?

छोट्या वस्तूंसाठी, म्हणजे चौकट, डबी, खेळणं अशांसाठी औषधाऐवजी थंडी वापरता येते. प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायचं. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर लाकडावर दव धरतं. तीन फुटांच्या पेटीला हे घरी जमणार नाही.

एक कुतूहल. बिजागऱ्यांच्या स्क्रूंना एकच सरळ खाच आहे की अधिकची खूण? अधिकवाल्या फिलिप्स स्क्रूचं पेटंट १९३६ चं आहे. तसे स्क्रू असतील तर निदान बिजागऱ्या तरी त्यानंतर बसवलेल्या. सरळ खाचेचे स्क्रू आजही मिळतात, त्यामुळे उलट बाजूने काही सिद्ध होत नाही.

---

निळी शाई:

रंगाबद्दल कळकळीने सांगते. घरात दीड वर्षाचं मूल आहे, तेव्हा तपासणी होईपर्यंत ती पेटी खोलीबाहेर काढा. आजच.

शिशाची अमुक मात्रा शरीरात गेली तर चालते, अशी सुरक्षित पातळी सापडलेलीच नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार ते पाच पट शोषून घेतं. मेंदूची वाढ होण्याचं हे वय. अमेरिकेने घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ साली बंदी घातली आणि इतर अनेक देशांत ती त्याहून उशिरा आली. म्हणून तीन थर असलेली जुनी पेटी ‘आहे’ असंच धरून हाताळायची.

घरी करायच्या तपासणीच्या काड्या मिळतात. पण त्या जिथे टेकवता तेवढाच थर तपासतात आणि चुकतातही. तुमचा हिरवा थर निर्दोष निघेल आणि शिसं खालच्या पांढऱ्यात असेल. त्यापेक्षा मागच्या बाजूचा एक टवका लाकडापर्यंतच्या सगळ्या थरांसकट काढा आणि प्रयोगशाळेत द्या. टवका काढताना जागा आधी ओली करा.

नवा रंग वरून मारला तर? सपाट बाजूंवर तो थर टिकतो. पण झाकणाची कड प्रत्येक उघडझापीला घासते, तिथे नवा थर झिजतो आणि खालच्याची धूळ सुटते. आणि तुमची लेक नेमकी तीच कड चावणार आहे. त्यामुळे तिथला रंग काढावाच लागेल.

कोरडा काचपेपर घासायचा नाही. हीट गन नाही, दिवा लावून जाळणं तर नाहीच, त्याने शिशाची वाफ होते. रंग मऊ करणारी पेस्ट लावून ओल्यानेच खरवडायचं, घराबाहेर, खाली प्लॅस्टिक अंथरून. तोंडावर कापडी मास्क पुरत नाही, बारीक धूळ अडवणारा फिल्टरवाला हवा. अंगावरचे कपडे वेगळे धुवायचे. मी असते तर हे काम जाणकाराकडून करून घेतलं असतं आणि तेवढे दिवस लेकीला त्या अंगणात सोडलं नसतं.

---

फिरस्ती:

रेघांसाठी लिहिते. काळजी आहे ती बोटांची आणि फडक्याची. पेन्सिलीची खूण उन्हाने विटत नाही, पण घासली की पसरते. शिसपेन्सिलीत शिसं नसतं बरं का, तिकडची भीती मनातून काढा. ते ग्राफाइट असतं, म्हणजे कार्बनच. पूर्वी लोकांना तो शिशाचाच प्रकार वाटायचा. कार्ल विल्हेल्म शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७७९ मध्ये तो कार्बन असल्याचं दाखवलं, तरी नाव मात्र राहिलं.

झाकण आतून ओल्या फडक्याने पुसू नका. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, तीही रेघांच्या दिशेने, आडवी नाही. आणि सगळ्यात आधी फोटो काढून ठेवा. झाकण उभं करून बॅटरी अगदी बाजूने, फळीला समांतर धरा. ग्राफाइट चमकतं आणि रुतलेल्या रेघांची सावली पडते. डोळ्यांना न दिसणाऱ्या रेघाही अशा उजेडात सापडतात. तुमचे ३७ गट कदाचित वाढतील.

वासासाठी पेटी सावलीत, वाऱ्याला, झाकण उघडं ठेवून निदान दोन आठवडे. डांबरगोळीचा अंश हवेत उडून जातो, त्याला वेळ द्यावा लागतो. अत्तर वगैरे शिंपडू नका, दोन्ही वास एकत्र राहतात. मग तळ आणि चारही बाजूंना आतून चपड्या लाखेचं स्पिरिट पॉलिश द्या. लाख वास दाबून धरते. त्यामुळे पांघरुणं बोरेट लावलेल्या लाकडाला थेट टेकणारही नाहीत. झाकणाची आतली बाजू उघडीच राहू द्या. ब्रश फिरला की रेघा ओढल्या जातील.

पितळी डब्याचं वाचून वाईट वाटलं. यापुढे पितळ कुठे टाकायचं तर मशीनला नाही म्हणा आणि खुणेभोवतीची बोटभर जागा तशीच काळी राहू द्या.

---

कोपऱ्यातली खुर्ची:

एक सुचवू? पूर्ण रंग काढणार असाल तर मागे, भिंतीकडच्या बाजूला, तळहाताएवढा तुकडा तिन्ही थरांसकट ठेवा आणि वरून पारदर्शक थर द्या. हिरवा, निळा, पांढरा हाही त्या पेटीचा इतिहासच आहे.

निळी शाई: एरवी मीही हेच सांगितलं असतं. पण मूल आहे, पेटी सरकवली जाते, भिंतीला घासते. नको.

कोपऱ्यातली खुर्ची: पटलं. मग एक मोठा टवका काचेच्या बाटलीत बंद करून ठेवा, मुलीच्या हाताला लागणार नाही अशा जागी.

---

ओसरी:

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे गेले, कारण तपासणीचा अहवाल यायचा होता.

शिसं निघालं. हिरव्यात नाही, निळी शाई म्हणाल्या तसंच झालं, खालच्या पांढऱ्यात. पेटी त्याच दिवशी मागच्या पडवीत हलवली होती, ते किती बरं झालं असं आता सारखं वाटतं. लेकीचं रक्तही तपासून घेतलं, डॉक्टरांनी काळजीचं काही नाही सांगितलं.

रंग एका जाणकार कारागिरांनी पेस्टने काढला, पूर्ण. मी तेव्हा लेकीला घेऊन आईकडे होते. खालून लाकूड बरंच फिकट निघालंय, डाव्या बाजूच्या फळीत एक मोठी गाठ आहे. काढण्याआधी तिन्ही थरांचा एक टवका काचेच्या बाटलीत ठेवला, वर चिठ्ठी लावली आणि बाटली कपाटाच्या सगळ्यात वरच्या, कुलपाच्या खणात आहे.

रंधा, सगळे स्क्रू सरळ खाचेचे आहेत, उजव्या कडीचे दोन सोडून. ते अधिकवाले. म्हणजे ती कडी कधीतरी निसटली असणार आणि कुणीतरी पुन्हा बसवली. झाकणाला भोक एकही नाही. मागच्या फळीवर कागद लावलाय, अजून अख्खा आहे. बोरेट आणि लाख दोन्ही झालं, वास जवळजवळ गेलाय.

फिरस्ती, बॅटरी बाजूने धरल्यावर आणखी चार गट सापडले, वरच्या कडेला, बिजागरीच्या अगदी जवळ. एकूण ४१ झाले.

आता एकच प्रश्न. पांघरुणं रेघांना घासू नयेत म्हणून झाकणाच्या आत पारदर्शक पॉलिएस्टर शीट लावायची आहे. खिळे ठोकायचे नाहीत, गोंदही नको. कशी बसवू?

---

रंधा:

झाकणाला आतून दोन आडव्या पट्ट्या असतील, फळ्या धरून ठेवणाऱ्या. त्यांचे स्क्रू दोन-दोन फेरे सैल करा. पट्टी आणि फळी यांच्यात कागद जाईल एवढी फट पडली की पुरे. शीट पट्ट्यांच्या मधल्या अंतरापेक्षा दोन्हीकडे बोटभर मोठी कापा, कडा त्या फटीत सरकवा, स्क्रू परत आवळा. खाचेत नीट बसणाराच स्क्रूड्रायव्हर घ्या, नाहीतर जुन्या स्क्रूचं डोकं खराब होतं. उद्या शीट काढायची झाली तर तशीच निघेल, मागे काही राहणार नाही.

---

ओसरी:

बसली. डावीकडचा एक स्क्रू गंजून धरला होता, तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवला, सकाळी फिरला. तेल फळीवर जाऊ नये म्हणून भोवती टीपकागद लावला होता. शेवटच्या तीन रेघा पट्टीला अगदी लागून आहेत, पण त्या झाकल्या गेल्या नाहीत. मागच्या फळीवरचा कागद उन्हाळा संपेपर्यंत तसाच ठेवते आणि पेटी तोवर पडवीतच. कागदाला भोक पडलं तर इथेच लिहीन.