मदत हवी आहे: आंबेमोहोरात कडा करप्याची प्रतिकारक जनुके

नमस्कार मंडळी. पुण्यात भाताच्या पैदाशीवर काम करते. सुधारित सांबा महसुरी या भाताच्या वाणातली, कडा करपा या जिवाणूजन्य रोगाला प्रतिकार करणारी एक्सए२१ आणि एक्सए१३ ही जनुके आंबेमोहोरात आणतेय. एक्सए१३ अप्रभावी, म्हणजे दोन प्रती असल्या तरच परिणाम दिसतो, आणि प्रतिसंकरातल्या (आंबेमोहोराशी पुन्हा संकर केलेल्या) रोपात त्याची फार तर एकच प्रत. त्यामुळे पानाचं टोक कापून जिवाणू लावून त्याची पारख होत नाही. सगळी भिस्त मार्करवर, म्हणजे जनुक आलं का ते दाखवणाऱ्या डीएनएच्या खुणेवर. पण जेलवर (डीएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करतात तिथे) खालचा पट्टा ठसठशीत आणि वरचा इतका फिकट, की जनुक आलंय का, रोप ठेवावं की उपटावं कळत नाही. पीसीआरचं (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या क्रियेचं) तापमान बदलू, की कोवळ्या पानातून डीएनए पुन्हा काढू? वासासाठी बीएडीएच२ या सुगंधाशी संबंधित जनुकाचा मार्करही याच पिढीत बघावा का? मुळशीच्या आंबेमोहोराचा वासच गेला, तर शेतकरी तो लावणार नाही. फुलोऱ्याआधी ठरवायचं आहे, कृपया लवकर सांगा.