घाटात बाईक डुलायली, चेसिस (गाडीचा सांगाडा) कच्चं असंल का?

बीडचा रायडर: भाऊ, मांजरसुंब्याच्या घाटात वळणावर गाडी लै डुलायली, पुढचं एकीकडं अन् मागचं दुसरीकडं जायलंय असं वाटतं, टायर तर नवेच टाकलेत.

लातूर गॅरेज: लगेच चेसिसच्या मागं लागू नका राव. मेन स्टँडवर लावून मागचं चाक डावं-उजवं हलवा, टकटक आली तर स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, म्हणजे सांध्यातल्या रिंगा, गेले समजा.

परभणीकर: बरोबर, पण फ्रेमबी (म्हणजे चेसिसच) तितकीच महत्त्वाची. नॉर्टन ह्या ब्रिटिश कंपनीच्या 1950 च्या रेसिंग गाडीची फेदरबेड फ्रेम बघा, दुहेरी नळ्यांनी स्टिअरिंग हेड (हँडल फिरतं ती जागा) अन् स्विंगआर्मचा पिव्हट (त्याचा सांधा) एकमेकाला घट्ट धरलेले, म्हणून वळणात पिळायची नाही. ह्या दोन जागांमधीच सगळा खेळ आहे.

बीडचा रायडर: हलवून बघितलं, टकटक यायली! उद्याच बुश टाकतो.