सुशीची उमेदवारी: दहा वर्षं की तीन महिने?

दर्यावर्दी
टोकियोत सुशीचा कारागीर व्हायला निघालेल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरापुढे दोन वाटा असतात. जुन्या दुकानात उमेदवारी करायची, नाहीतर दोन-तीन महिन्यांचा वर्ग करून थेट कामाला लागायचं. ‘भाताला तीन वर्षं, निगिरीला आठ’ ही तिथली जुनी म्हण. निगिरी म्हणजे हाताने वळलेला भाताचा गोळा आणि त्यावर माशाचा तुकडा. २०१५ मध्ये उद्योजक ताकाफुमी होरिए यांनी अशा लांबलचक उमेदवारीला मूर्खपणा ठरवलं आणि वाद पेटला. मी उमेदवारीच्या बाजूने आहे, आणि कारण निगिरी वळणं हे नाही. मासा मुरवणं हे आहे.

कोहादा हा लहानसा चंदेरी मासा घ्या. खवले काढायचे, डोकं उडवायचं, पोटाकडून उघडून मधला काटा काढायचा. मीठ लावून ठेवायचं, धुवायचं, व्हिनेगरमध्ये बुडवायचं, निथळून एक-दोन दिवस थंड जागी मुरू द्यायचं. कृती एवढीच. पण मीठ किती वेळ? मध्यम माशाला साधारण वीस मिनिटं ते पाऊण तास. मासा चरबीदार असला की मीठ आत शिरायला वेळ घेतं, उकाड्यात झपाट्याने शिरतं. कमी पडलं तर मांस पाणचट राहतं आणि वास जात नाही. जास्त झालं तर ते कोरडं पडतं आणि मग व्हिनेगरनेही सावरत नाही. याच माशाचं पिल्लू म्हणजे शिंको. ते ऐन उन्हाळ्यात थोडेच आठवडे मिळतं, एका निगिरीवर दोन-तीन लागतात आणि मीठ मोजकी मिनिटं. तीन महिन्यांच्या वर्गात हा हंगाम गाठलाच जाईल असं नाही.

कडधार
हंगामाचं मान्य. पण जुन्या दुकानातल्या उमेदवाराच्या हाती शिंको कितव्या वर्षी येतो? सुरुवातीची वर्षं भांडी, फरशी, सामान पोचवणं आणि कर्मचाऱ्यांचं जेवण यांत जातात. हंगाम डोळ्यांदेखत येतो नि जातो, हाताला मीठ लागत नाही. याला शिकणं नाही, ताटकळणं म्हणतात.

मिठाच्या वेळेची वही ठेवता येते: माशाचं वजन, खोलीचं तापमान, मिनिटं, दुसऱ्या दिवशीची चव. ओसाकात तीन महिन्यांचा वर्ग केलेल्या कारागिरांनी चालवलेलं एक दुकान उघडल्यापासून वर्षाच्या आत उपाहारगृहांना तारे देणाऱ्या मिशेलिनच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत बिब गुर्मां यादीत आलं. त्याचं काय?

दर्यावर्दी
बिब गुर्मां म्हणजे माफक दरात चांगलं जेवण. ते कौतुकास्पदच आहे, पण मिशेलिनचा तारा वेगळा. त्या दुकानाने एवढंच दाखवलं की तीन महिन्यांत स्वच्छ, चवदार सुशी देता येते. त्याबद्दल माझा वाद नव्हताच.

वाफ
भाताबद्दल कोणीच बोलत नाही आणि अर्धी सुशी तर तोच आहे. एक किलो तांदळाला साधारण १३० ते १५० मिली व्हिनेगर, २० ग्रॅमच्या आसपास मीठ. साखर दुकानागणिक बदलते, लाल व्हिनेगर वापरणारे काही जण ती घालतही नाहीत. ओल्या केलेल्या लाकडी परातीत भात वाफाळता असतानाच व्हिनेगर ओतायचं आणि उलथणं तिरकं धरून कापल्यासारखं फिरवायचं. दाबलं की शितं मोडतात आणि भाताचा गोळा होतो. वारा घालायचा तो व्हिनेगर शोषलं गेल्यावरच. नवशिके आधीच पंखा हलवतात, मग वरची शितं गार पडतात आणि व्हिनेगर तळाशी साचतं. वळताना भात अंगाच्या उष्णतेइतका कोमट हवा.

नव्या तांदळात ओल जास्त असते, म्हणून पाणी कमी करावं लागतं. बरीच दुकानं त्यात जुना तांदूळ मिसळतात. हे सगळं खरं, तरी भात रोज शिजतो, चुका रोज दिसतात. त्याला तीन वर्षं लागतात हे मला पटत नाही. तराजू घेऊन बसा: सलग वीस गोळे १५ ते २० ग्रॅममध्ये आले पाहिजेत.

गळ
मला छोट्या वर्गांची धास्ती वाटते ती अनिसाकिस या माशातल्या कृमीमुळे, कच्च्या माशातून तो माणसाच्या पोटात जातो. जपानात सुशीचं दुकान चालवायला आचाऱ्याचा परवाना सक्तीचा नाही. अन्नस्वच्छतेची जबाबदारी घेणारा एक माणूस लागतो आणि तो एका दिवसाच्या वर्गाने तयार होतो. फुगू या विषारी माशाचा परवाना तेवढा वेगळा. बांगड्याच्या जातीचा साबा व्हिनेगरमध्ये मुरवला की कृमी मरतो, असं समजणारे अजून भेटतात. व्हिनेगर, मीठ, वासाबी यांपैकी कशानेही तो मरत नाही. उणे २० अंशांवर २४ तास गोठवा किंवा नीट शिजवा. मासा मेल्यावर कृमी आतड्यांतून मांसात सरकतो, म्हणून ताजा असतानाच पोट साफ करायचं आणि तुकडा उजेडाखाली धरून पाहायचा. ही सवय अंगी बाणायला शेकडो मासे हाताखालून जावे लागतात.

कडधार
गळ, अहो, हे तर पहिल्याच आठवड्यात लिहून, दाखवून, परीक्षा घेऊन शिकवण्यासारखं आहे! ‘बघून शीक’ म्हणणाऱ्या दुकानात हाच नियम पोराला कुणी सांगतच नाही.

दर्यावर्दी
ही तक्रार रास्त आहे. म्हणून दुकान निवडताना पोराने थेट विचारावं: देबा, म्हणजे मासा कापायची जाड सुरी, कितव्या महिन्यात हातात मिळेल? कर्मचाऱ्यांच्या जेवणासाठी उरलेल्या तुकड्यांवर निगिरी वळू देता का? कोहादा कोण मुरवतो आणि शेजारी उभं राहून चव घेऊ देता का? उत्तर ‘वेळ आली की बघू’ असं आलं, तर दुसरं दुकान गाठावं. आणि वर्गच करायचा असेल तर तो जुलै-ऑगस्ट धरून करावा, म्हणजे निदान एक शिंको हाताखालून जाईल.